सतरा एकांचा भागाकार

बर्मिंगहॅम
८ फेब्रुवारी २००४

प्रिय अंबरीश,

तुझं पत्र वेळेवर आलं होतं, उत्तराला उशीर माझ्याकडून झाला. आमच्याकडचे दोन भूलतज्ज्ञ रजेवर आहेत, त्यांच्या ऑपरेशनांच्या लिस्ट माझ्या गळ्यात पडल्या. बासष्टाव्या वर्षी सलग सहा तास थिएटरमध्ये उभं राहिलं की घरी येऊन शैलाशी बोलायचीसुद्धा इच्छा उरत नाही.

गुरुवारी दोन ऑपरेशनांच्या मध्ये कॉफीरूममध्ये भागाकार करत बसलो होतो. अक्षया नावाची पुण्याची एक रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ भूलतज्ज्ञ, सध्या माझ्या हाताखाली आहे. ती कागदात डोकावली.

“सर, टॅक्स रिटर्न?”

“नाही. सतरा एक.”

मग तिला सगळं सांगावं लागलं. सांगलीला कॉलेजात असताना आपल्या सरांनी फळ्यावर एका ओळीत सतरा एक लिहिले: ११,११,११,११,११,११,११,१११. म्हणाले, ही संख्या मूळ नाही एवढं मी सिद्ध करून दाखवतो. म्हणजे हिचे तुकडे होतात. पण तुकडे कुठले, ते मला माहीत नाही. कुठल्या तरी पुस्तकात असतील, पण पुस्तकात बघायचं नाही, स्वतः शोधायचं. आपण दोघांनी ते मनावर घेतलं आणि १९६१ सालापासून शोधतो आहोत. पुस्तक नाही, यंत्र नाही, कागद आणि पेन. हिला भाग जाणारी मूळ संख्या चौतीसच्या पाढ्यातल्या कुठल्या तरी संख्येपेक्षा एकाने मोठीच असणार हे सरांनीच दाखवलं होतं, त्यामुळे काम पुष्कळ कमी झालं. ज्यांच्या शेवटी एक किंवा तीन येतात त्या माझ्या, सात आणि नऊवाल्या तुझ्या. आठवड्याला दोघांचे मिळून चार-पाच भागाकार, महिन्याला एक पत्र. साडेनऊ हजारांच्या आसपास झाले. आता वीस लाख सत्तर हजारांच्या पुढे आहोत.

“आणि शेवटी काय मिळणार, सर?”

“बाकी शून्य.”

“मग त्यानंतर?”

मी कागद घडी घालून खिशात ठेवला. याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

पोरगी हुशार आहे, जरा जास्तच काळजीवाहू. माझ्या शेजारी उभी राहून प्रत्येक सिरिंजवरचं लेबल मोठ्याने वाचते. मी म्हटलं, माझी परीक्षा घेतेस की काय? नुसती हसली.

या महिन्याच्या माझ्या संख्या:
२०७१७२३, बाकी ३१८४०६
२०७१८९३, बाकी ११९०२५७
उरलेल्या सात मागच्या पानावर. शून्य कुठेच नाही.

मीनाक्षीवहिनींना जाऊन या महिन्यात चार वर्षं होतील. वरदासारखी लेक तुझ्याजवळ आहे म्हणून मला जरा निर्धास्त वाटतं.

तुझा
राजीव

---

स्टॅनमोर
२१ फेब्रुवारी २००४

प्रिय राजीव,

आपलं व्रत मोडलं. मी मोडलेलं नाही, पण माझ्या घरात मोडलं.

सोमवारी माझा वाढदिवस होता. वरदा ऑफिसमधून लवकर आली, येताना केक आणि एक कार्ड घेऊन आली. कार्ड उघडलं तर आत सोनेरी शाईने दोन संख्या, मध्ये गुणाकाराचं चिन्ह. मला आधी कळेचना. ती म्हणाली, “बाबा, तुमचे सतरा एक. मी फक्त एक ओळ टाईप केली. एंटर दाबलं आणि उत्तर आलं, एक सेकंदसुद्धा लागला नाही.” तिला वाटलं मी आनंदाने तिला मिठी मारीन. मी “थँक यू बेटा” म्हटलं आणि चहा टाकायला किचनमध्ये गेलो. तिला बिचारीला काय बोलणार. चाळीस वर्षं बाप कागदावर मान मोडतो आहे, आपण त्याची सुटका केली, असंच तिला वाटणार.

दोन दिवस मी तुला हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. तुझा शोध तरी अर्धवट तोडायला नको. पण काल तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं आणि खुर्चीतून उठलो.

राजीव, कार्डातली पहिली संख्या तुझ्या यादीत आहे. पहिलीच. २०७१७२३. तिच्यापुढे तू बाकी लिहिली आहेस ३१८४०६. मी स्वतः भागाकार करून पाहिला, दोनदा. बाकी शून्य येते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं तू काय केलंस ते. तुला तुकडा सापडला आणि तू तो दडवलास. संख्या फुटली तर पत्रं संपतील, आणि मीनाक्षी गेल्यापासून ही पत्रंच माझा आधार आहेत हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तू हे तोंडाने कधी कबूल करणार नाहीस. नको करूस. पण एवढं लिही की मी बरोबर ओळखलं.

तुझा
अंबरीश

---

बर्मिंगहॅम
१ मार्च २००४

प्रिय अंबरीश,

पकडलंस. शाळामास्तरच तू, तुझ्यापासून काय लपणार? हो, मीच दडवली. म्हटलं अजून थोडे दिवस चालू दे.

वरदाला रागावू नकोस.

आता पुढे काय करायचं? एखादी दुसरी संख्या घेऊ. तू सुचव. माझी अजून तीन वर्षं नोकरी आहे, नंतर वेळच वेळ. वरदाला रागावू नकोस, तिने प्रेमाने केलं.

शैलाला यातलं काही बोलू नकोस. तिला उगाच काळजी वाटते.

राजीव

---

स्टॅनमोर
१३ मार्च २००४

प्रिय राजीव,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

तुझं उत्तर वाचून मला आधी बरंच वाटलं. मग पस्तीस वर्षं वह्या तपासायची सवय आड आली. यादीतल्या दुसऱ्या संख्येवर नजर गेली. २०७१८९३. अंकांची बेरीज कर. तीस. म्हणजे तिला तीनने भाग जातो, ती मूळ संख्याच नाही. अशी संख्या आपण कधी घेतच नाही. तू ती घेतलीस, भागत बसलास आणि बाकी लिहिलीस.

मग मी तुझी जुनी पत्रं काढली. आजवर तुझी एकही बाकी मी तपासली नव्हती, तशी कधी गरजच वाटली नव्हती. गेले दहा दिवस तेवढंच करतो आहे. २००१ ची सगळी बरोबर. २००२ ची सगळी बरोबर. गेल्या उन्हाळ्यात दहात एक चूक. दिवाळीनंतर तिनात एक. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या पत्रांत निम्म्याहून जास्त चुकीच्या आहेत.

एक संख्या दडवायची तर माणूस एकच बाकी खोटी लिहील. बाकीच्या का चुकवील? तू काही दडवलं नाहीस, राजीव. तुला शून्य आलंच नाही. मी तुला आयती सबब पुढे केली आणि तू ती घेतलीस.

मी डॉक्टर नाही. थकवा असेल, थायरॉइड असेल, औषधाने बरं होणारं काही असेल. पण तुझं काम मला माहीत आहे. माणसाच्या वजनाप्रमाणे औषध मोजून तू त्याला झोपवतोस, आणि पुन्हा उठवतोस. तेही आकडेच असतात ना.

कुणाला तरी दाखव. तोवर रजा घे. मला फोन करू नकोस, फोनवर तू हसण्यावारी नेशील. पत्र लिही.

तुझा
अंबरीश

---

बर्मिंगहॅम
२२ मार्च २००४

ती. अंबरीशभावजींना
शैलाचा नमस्कार.

तुमचं पत्र यांनी वाचलं आणि फाडून बिनमध्ये टाकलं. मी तुकडे जुळवून वाचलं. तुम्ही रागवाल तर रागवा.

तुम्ही जे आकड्यांत पाहिलंत ते मी घरात गेलं वर्षभर बघते आहे. गेल्या ऑगस्टमध्ये दुकानातून गाडी घेऊन परत यायला यांना दोन तास लागले. रस्त्याचं काम चालू होतं म्हणाले. कुठेही काम चालू नव्हतं, मी दुसऱ्या दिवशी बसने जाऊन बघून आले. दिवाळीत आमच्या अवधूतला फोन लावला आणि तो फोनवर आल्यावर मला खुणेने विचारलं, कोण आहे? अवधूत टोरांटोत आहे, त्याला मी काही कळवलेलं नाही. पोटच्या मुलाचं नाव विसरले असं कसं सांगू?

मला थकवा वाटला. खरं म्हणजे थकवाच आहे असं मी ठरवून टाकलं.

भावजी, कामावर हे असे नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले की पूर्वीचेच राजीव असतात. तिथे मशीन असतात, शेजारी मदतनीस असतो, ती अक्षया असते. सगळं दोनदा तपासून देतात, यांनीच मला सांगितलंय. या माणसाला दुसरं काही येत नाही हो. बागकाम नाही, पत्ते नाहीत. हॉस्पिटल आणि तुमचे ते सतरा एक. त्यातलं एक गेलं. दुसरं काढून घेतलं तर सकाळी उठून काय करतील?

कृपा करून कुणाला काही बोलू नका. तुम्ही या. तुमचं ऐकतील.

शैला

---

स्टॅनमोर
५ एप्रिल २००४

सौ. शैलावहिनींना
सप्रेम नमस्कार.

शनिवारी तुमच्याकडे जेवणं झाल्यावर आम्ही कनालवर, कालव्याकाठी, फिरायला गेलो, तेव्हा काय बोलणं झालं ते तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहितो. तुमच्या दारात उभं राहून ते सांगता आलं नसतं.

अर्धा तास तो हवापाण्याचंच बोलत होता. मग एका बाकावर बसलो, आणि त्याने आपणहून उजवा हात उलटा करून माझ्यापुढे धरला. तळहातावर बॉलपेनची पुसट निळी अक्षरं होती.

“शुक्रवारची आहेत,” तो म्हणाला. “धुतली तरी जात नाहीत. लिस्टमध्ये सहा पेशंट. सहा वजनं, सहा डोस. मी सकाळी सहाला उठून घरीच मांडून ठेवतो. मग हातावर लिहितो.”

“कधीपासून?”

“वर्ष झालं असेल.”

“आणि हातावरचं चुकलं असेल तर?”

समोरून एक नाव गेली, तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तुझं पत्र आलं त्या रात्री मी तो भागाकार पुन्हा केला, अंब्या. २०७१७२३ चा. चार वेळा केला. चार वेगवेगळ्या बाक्या आल्या. शून्य एकदाही नाही.”

मी त्याचा हात धरला. एवढ्या वर्षांत मी कधी त्याचा हात धरला नव्हता. तो रडला नाही. त्याने मला शब्द दिला की बुधवारी, ईस्टरच्या आधी, हॉस्पिटलच्या ऑक्युपेशनल हेल्थमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांची तब्येत बघतात तिथे, जाऊन स्वतः सांगेन. स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर मान राहतो, हे त्याचेच शब्द. दुसऱ्या कुणी सांगितलं तर सहन होणार नाही, असंही म्हणाला.

बुधवारी तो गेला का, तेवढं मला कळवा.

आपला
अंबरीश

---

बर्मिंगहॅम
१५ एप्रिल २००४

ती. भावजी,

हे गेले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी मी विचारलं, जाऊन आलात का? म्हणाले, कुठे? मी म्हटलं, भावजींना शब्द दिला होता ना. म्हणाले, अंबरीश आला होता, आम्ही कनालवर गेलो होतो, एक नाव बघितली, पण शब्द कसला? खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात यांचं खोटं मला ओळखता येतं.

मग मी बसवून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. पांढरेफटक पडले. म्हणाले, उद्या नक्की जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी शीळ घालत दाढी केली आणि लिस्टला गेले. असं आजवर तीनदा झालं. दर वेळी यांना पहिल्यांदाच कळतं, आणि दर वेळी यांचा चेहरा बघायला समोर मी असते. आता माझ्याच्याने पुन्हा सांगवत नाही.

काल आमच्या अवधूतला फोन केला. तो म्हणाला, आई, तूच हॉस्पिटलला कळव. मी रिसीव्हर उचलला आणि खाली ठेवला. हा माणूस मला मिरजेहून इथे घेऊन आला तेव्हा मला इंग्रजीत धड पत्ता सांगता येत नव्हता. पहिलं वर्ष माझ्या वतीने सगळीकडे हेच बोलले. आता यांच्या वतीने बोलायचं आणि ते हे बोलायचं? मला जमणार नाही.

तो फोन तुम्ही केलात तर तुमच्यासाठी दार उघडायचं बळ मला येईल का, ते आत्ता सांगता येत नाही.

पण एक सांगते. मंगळवारची यांची लिस्ट मुलांची आहे. सगळी पाच वर्षांखालची.

शैला

---

स्टॅनमोर
१६ एप्रिल २००४

प्रिय राजीव,

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

आज सकाळी तुझ्या हॉस्पिटलच्या मेडिकल डायरेक्टरांना मी फोन केला. माझं नाव सांगितलं, आपली ओळख कधीपासूनची ते सांगितलं, आणि तुझ्या पत्रांतल्या बाक्यांबद्दल सांगितलं. मला वाटलं होतं की एक म्हातारा मास्तर काही तरी भागाकारांचं बोलतो आहे म्हणून ते मला वाटेला लावतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “आर यू शुअर?” मी म्हटलं, आकड्यांबद्दल खात्री आहे. माणसाबद्दल मी काही सांगू शकत नाही.

फोन ठेवल्यावर वाटलं की पुन्हा लावावा आणि सगळं खोटं होतं म्हणून सांगावं.

तू मला म्हणाला होतास की दुसऱ्या कुणी सांगितलं तर सहन होणार नाही. ते आठवत असूनही मी केलं. मंगळवारी ती मुलं तुझ्या टेबलावर येणार होती. तुझ्या जागी मी असतो तर तूही हेच केलं असतंस, असं मी लिहिणार होतो, पण ते मला खरोखर माहीत नाही.

शैलावहिनींचा यात काही भाग नाही. सगळा माझा आहे.

अंबरीश

---

बर्मिंगहॅम
३० जून २००४

ती. भावजी,

अडीच महिने तुम्हाला लिहिलं नाही. लिहायला बसले की हात चालत नव्हता. तुमची तीन पत्रं आली, तीनही मी वाचली.

यांना त्या सोमवारीच बोलावून घेतलं. तेव्हापासून काम बंद. मग स्कॅन झाले, मेमरी क्लिनिक झालं. शंभरमधून सात वजा करत जा, डॉक्टर म्हणाले. त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि तिथे थांबले. मी शेजारच्या खुर्चीत होते. माझ्याकडे बघून हसले, परीक्षेत अडलेला विद्यार्थी हसतो तसे. अल्झायमर आहे. औषधाने थोडं हळू होईल, मागे फिरणार नाही.

गेल्या दीड वर्षातल्या यांच्या सगळ्या केस हॉस्पिटलने तपासल्या. एकाही पेशंटला काही झालेलं नाही. का झालं नाही ते अक्षयाने मला घरी येऊन सांगितलं. ती गेल्या ऑक्टोबरपासून यांच्या चुका गुपचूप दुरुस्त करत होती. अकरा वेळा. मार्चमध्ये एका चार वर्षांच्या मुलीसाठी यांनी दहापट औषध भरलं होतं. अक्षयाने धक्का लागल्यासारखं करून ती सिरिंज खाली पाडली आणि दुसरी भरली. माझ्या सोफ्यावर बसून रडत होती. म्हणत होती, “काकू, सरांनी मला सगळं शिकवलं, मी त्यांची तक्रार कशी करणार होते?” आता त्या गप्प राहण्याबद्दल तिलाही लेखी जाब द्यावा लागतो आहे. आणि त्या मंगळवारी ती रजेवर असणार होती, भावजी.

ते ऐकल्यावर मी त्या चार वर्षांच्या मुलीच्या आईचा विचार केला. तुम्ही केलंत ते बरोबर होतं. हे मी मान्य करते. पण अजून तुम्ही येऊ नका.

यांनी तुमचं एप्रिलचं पत्र वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं. घरात तुमचं नाव काढत नाहीत.

शैला

---

बर्मिंगहॅम
१२ सप्टेंबर २००४

प्रिय अंबरीश,

किती दिवसांत तुझं पत्र नाही. बरा आहेस ना?

मी सध्या घरी असतो. हॉस्पिटलात माझ्याविरुद्ध काही तरी शिजलं. कुणी तरी फोन करून माझ्याबद्दल सांगितलं, म्हणून मला काढलं. छत्तीस वर्षं मी या देशात काम केलं, एकही तक्रार नाही. कुणी फोन केला ते मला कुणी सांगत नाही. शैला विषय बदलते. अक्षयावर माझा संशय होता, पण ती भेटायला येते, पाया पडते, ती असं करणार नाही.

तुझ्याशिवाय मी हे कुणाला विचारू? तू हुशार आहेस, तू शोधून काढशील. मला त्याला काही करायचं नाही. एकदा समोर बसवून विचारायचंय, मला आधी येऊन का नाही सांगितलंस.

भागाकार चालू आहेत. यादी नंतर पाठवतो.

तुझा
राजीव

---

स्टॅनमोर
१६ सप्टेंबर २००४

प्रिय राजीव,

तो फोन मी केला होता. १६ एप्रिलला सकाळी. तुला त्याच दिवशी पत्र लिहून कळवलं होतं. त्याच्या आधी तुझ्याकडे येऊन बोललो होतो, कनालवर, बाकावर बसून.

तू मला समोर बसवून विचार. बोलावशील तेव्हा येतो.

अंबरीश

---

बर्मिंगहॅम
२७ सप्टेंबर २००४

ती. भावजी,

तुमचं पत्र यांच्या हाती पडलं तेव्हा मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर हे जिन्याच्या पायरीवर बसलेले, हातात कागद. म्हणाले, “शैला, अंबरीशने केलं. आपल्या अंबरीशने.” दोन दिवस जेवले नाहीत. तुमची जुनी पत्रं बॅगेतून काढून बागेत नेऊन ठेवली, जाळायला काड्यापेटी मागत होते. मी दिली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, “पोस्टमन येऊन गेला का? अंबरीशचं उत्तर यायला हवं होतं.”

पत्र मी काढून ठेवलं आहे. सोबत यांनी काल तुम्हाला लिहिलेलं पत्र जोडते. त्यात तेच विचारलंय. फोन कुणी केला.

तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही. पण तुम्ही खरं लिहिलंत की हे तुम्हाला पहिल्यांदा गमावतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यांदा. एप्रिलमध्ये यांना सारखं सारखं सांगताना मी ते बघितलंय. आता बघवणार नाही. तुमचं अक्षर अजून ओळखतात. पाकीट बघून यांचा चेहरा उजळतो. दिवसभरात तेवढंच एक असतं.

सोबत भागाकारांचा कागद आहे, तुम्हाला पाठव म्हणाले. मला त्यातलं कळत नाही.

शैला

---

स्टॅनमोर
३ ऑक्टोबर २००४

सौ. शैलावहिनींना
सप्रेम नमस्कार.

राजीवसाठी वेगळं पत्र आत घातलं आहे. वाचून त्याला द्या.

त्याचा भागाकारांचा कागद पाहिला. मी वरचे एक मोजले. सतरा नाहीत, एकोणीस आहेत. प्रत्येक भागाकारात एकोणीस. दोन जास्त लिहिले गेले आणि आता तेच त्याच्या हाताला बसले आहेत असं दिसतं. एकोणीस एकांची संख्या मूळ आहे, वहिनी. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. तो रोज करत राहिला आणि प्रत्येक भागाकार अगदी बिनचूक आला, तरी त्याला शून्य कधी मिळणार नाही.

हे त्याला सांगू नका. कागद संपले तर मला कळवा, इथून पाठवतो.

तुम्ही म्हणता तसं लिहिलं आहे. वरदा विचारत होती की एक पान लिहायला अख्खा रविवार का लागला.

आपला
अंबरीश

---

स्टॅनमोर
३ ऑक्टोबर २००४

प्रिय राजीव,

तुझं पत्र मिळालं. अक्षर पहिल्यासारखंच वळणदार आहे, माझं मात्र बिघडलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होतो आहे. जानेवारीत ऑपरेशनची तारीख मिळेल असं जीपी डॉक्टर म्हणाला. भूल देणार नाहीत, नुसते थेंब घालतात, हे तुला माहीतच असेल.

वरदा मजेत आहे. समोरच्या चेस्टनटची पानं गळायला लागली आहेत, रोज सकाळी पायवाट झाडतो.

तुझे भागाकार पोचले. सगळे तपासले, बरोबर आहेत. सावकाश कर, घाई नाही. माझ्या वाट्याचे मी करतो आहे.

तू फोनबद्दल विचारलंस. मी इथे दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. कुणी केला ते मला समजलं नाही. कळलं की तुला कळवीन.

तुझा
अंबरीश